करवीरचा वारसा : दगडांचा आणि हुकूमनाम्यांचा

संस्थानी शहरांचा इतिहास आपल्याकडे बहुधा राजवाड्याच्या देवडीतून सुरू होतो आणि देवळाच्या गाभाऱ्यापाशी संपतो. मधल्या जागेत हत्ती, अंबारी, तलवारी, मल्ल आणि मेजवान्या असतात. माणसे नसतात असे नाही. पण ती वर्णनाच्या कडेला उभी असतात, हातात मशाल नाहीतर चवरी घेऊन. कोल्हापूरविषयी जे छापले जाते आणि पाहुण्यांना जे सांगितले जाते, त्यालाही हाच साचा लागू पडतो. अंबाबाईचे देऊळ, रंकाळा, नवा राजवाडा, खासबागचा आखाडा, पन्हाळा, तांबडा-पांढरा रस्सा आणि जाताना पायांत एक चप्पल. झाले कोल्हापूर!

या साऱ्या गोष्टी खोट्या नाहीत. पण हा वारसा कोणाचा, तो कोणी घडविला आणि त्यातले आपण कशाला आपले म्हणायचे, हे प्रश्न त्यातून सुटत नाहीत. ज्यांच्या पूर्वजांना देवळाच्या पायरीपर्यंतही जाता येत नव्हते त्यांनी त्या देवळाच्या शिल्पकलेचा अभिमान नेमका कसा बाळगायचा? ज्यांनी राजवाड्याचा दगड वाहिला पण राजवाड्यातल्या हौदाला ज्यांचा हात लागलेला चालला नाही, त्यांचा या वास्तूशी संबंध कोणत्या शब्दांत सांगायचा? म्हणून या लेखात मी कोल्हापूर दुसऱ्या बाजूने वाचून दाखविणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या शहराचा सर्वांत मोलाचा वारसा दगडात नाही. तो करवीर सरकारच्या गॅझेटात छापलेल्या काही हुकमांत आहे, आणि त्या हुकमांच्या आधाराने ताठ उभ्या राहिलेल्या माणसांत आहे.

प्रथम शहराचे वय ध्यानात घेतले पाहिजे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ साली झालेल्या उत्खननात सातवाहन काळातील वस्तीचे अवशेष मिळाले. त्याच टेकडीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठच्या गावाचा व्यापार रोमन जगापर्यंत पोहोचला होता. याच शहरात गेल्या शतकाच्याही आधी एका स्तूपाच्या अवशेषांत धातुकरंडक मिळाला आणि त्यावर ब्राह्मी लिपीतला छोटासा दानलेख होता. जोतिबाच्या डोंगरानजीक पोहाळे येथे बौद्ध लेणी आहेत. या भागातल्या काही बौद्ध लेण्यांना लोक पांडवदरा म्हणतात. बुद्धाच्या भिक्खूंनी कोरलेल्या लेण्यांना पांडवांचे नाव मिळावे, हा आपल्या देशातल्या इतिहासलेखनाचा नेहमीचा चमत्कार आहे. म्हणून ‘दक्षिण काशी’ हे या शहराचे एक नाव झाले. ते पहिले नव्हे आणि एकमेवही नव्हे. दक्षिण काशीच्या खाली एक बौद्ध नगर निजलेले आहे.

पुढचा भाग सर्वांना परिचित आहे, म्हणून तो मी झपाट्याने सांगतो. शिलाहारांच्या काळात इथे देवळांची भरभराट झाली. औरंगजेबाशी झालेल्या दीर्घ लढ्यानंतर ताराबाईंनी पन्हाळ्यावर स्वतंत्र गादी उभी केली. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची सीमा ठरली. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी पन्हाळ्याहून खाली कोल्हापुरात आली. इंग्रजी अंमलात १८४४ चे गडकऱ्यांचे बंड झाले, १८५७ साली चिमासाहेबांच्या नावाभोवती उठाव झाला, आणि दोन्ही वेळा इंग्रज जिंकले. त्यानंतर संस्थान राहिले, पण राजाच्या मागे पोलिटिकल एजंटची खुर्ची पक्की झाली. मेजर मँट नावाच्या इंग्रज स्थापत्यविशारदाच्या आराखड्यावरून १८७७ ते १८८४ या काळात नवा राजवाडा बांधला गेला. ज्या वर्षी राजवाडा पुरा झाला त्याच वर्षी, १७ मार्च १८८४ रोजी, कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक येऊन शाहू छत्रपती झाला. २ एप्रिल १८९४ रोजी त्याच्या हाती राज्यकारभार आला.

आता त्या कारभाराचे स्वरूप पाहा. १८९४ साली संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनात ७१ अधिकारपदे होती. त्यांपैकी ६० ब्राह्मणांकडे होती. कारकुनांच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतर होते अवघे १०. राजा मराठा, सैन्य मराठ्यांचे, कर भरणारा कुणबी, कष्ट करणारा महार-मांग-चांभार. आणि लेखणी एकाच जातीच्या हातात. लेखणी ज्याच्या हाती असते त्याच्या हाती जमिनीची नोंद असते, कर्जाचा कागद असतो, फिर्यादीचा निकाल असतो. तलवारीने जिंकलेले राज्य लेखणीने कसे ताब्यात ठेवता येते, याचे हे आकडे म्हणजे बोलके उदाहरण आहे.

अशा वेळी वेदोक्ताचे प्रकरण घडले. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या छत्रपतींसाठी भटजी वेदोक्त मंत्र म्हणत नाही, पुराणोक्त म्हणतो, हे उघडकीस आले. कारण विचारता उत्तर मिळाले, शूद्राला वेदोक्ताचा अधिकार नाही. ज्याच्या नावाने राज्य चालते त्यालाही धर्मशास्त्राच्या दफ्तरात शूद्रच लिहिलेले होते! पुढे राजोपाध्यांनी वेदोक्त करण्यास नकार दिला आणि त्यांची इनामे जप्त झाली. या प्रकरणाचे दोन अर्थ लावता येतात. एक अर्थ असा की, हा राजाने आपले क्षत्रियत्व सिद्ध करण्यासाठी मांडलेला दावा होता. वरच्या पायरीवर जागा मागण्याचा हा प्रयत्न, पायऱ्याच मोडण्याचा नव्हे. दलित विचाराने हा आक्षेप घेतलाच पाहिजे. दुसरा अर्थ असा की, स्वतःला झालेला अपमान हा अपघात नसून व्यवस्था आहे, हे या माणसाला कळले आणि मग आपल्याहून खालच्या पायऱ्यांवर काय चालले असेल याचा शोध त्याने सुरू केला. शाहूंच्या आयुष्यातली पुढची वीस वर्षे या दुसऱ्या अर्थाच्या बाजूने साक्ष देतात. अपमान पुष्कळांचा होतो. त्या अपमानाचे बोट धरून दुसऱ्याच्या अपमानापर्यंत चालत जाणारे थोडे.

२६ जुलै १९०२ चा करवीर गॅझेटातला हुकूम याच वाटेवरचा. शाहू त्या वेळी एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडात होते. या हुकमाने संस्थानच्या नोकऱ्यांत पुढे मोकळ्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या, म्हणजे शेकडा ५०, मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे मागासलेले, अशी व्याख्या त्यात होती. हुकमाची खरी ताकद मात्र त्याच्या तपशिलात आहे. ज्या कचेरीत मागासलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथे पुढची नेमणूक त्याच वर्गातली करायची, आणि प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीला आपल्या कचेरीचा तक्ता सरकारात पाठवायचा. सदिच्छेवर सोडलेल्या सुधारणेचे काय होते, हे या राजाला माहीत होते. म्हणून त्याने सदिच्छा मागितली नाही, तक्ता मागितला. आज राखीव जागांच्या विरोधात बोलणारे लोक ही जणू १९५० नंतरची कोणाची तरी मतांसाठीची युक्ती असल्यासारखे बोलतात. त्यांना कोल्हापूर दाखवले पाहिजे.

पण हुकूम काढला तरी जागेवर बसण्यासाठी शिकलेली माणसे हवीत. ती कोठून आणायची? खेड्यातला मुलगा शहरात शिकायला येणार, तर राहणार कोठे? आणि अस्पृश्याच्या मुलाला शहरात भाड्याची खोली कोण देणार? इथे वसतिगृहांचे महत्त्व समजते. १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगे निघाली. मराठ्यांचे, जैनांचे, मुसलमानांचे, लिंगायतांचे. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. दसरा चौकाच्या परिसरात फिरताना या बोर्डिंगांच्या पाट्या आजही वाचता येतात. जातवार वसतिगृहे काढून शाहूंनी जात घट्टच केली, असे म्हणणारे टीकाकार तेव्हाही होते आणि आजही आहेत. या टीकेत तथ्यांश आहे. पण एका पंगतीला बसायला समाज तयार नसताना मुलांना आधी छप्पर आणि भाकरी द्यायची, की समाज तयार होईपर्यंत त्यांना खेड्यात गुरे राखायला ठेवायचे? ज्याच्या पोराच्या शाळेची वर्षे निघून चालली आहेत त्याला या प्रश्नाचे उत्तर शोधायला पुस्तक लागत नाही.

शिवाय शाहू या ठिकाणी थांबले नाहीत, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करण्याचा हुकूम निघाला. या मुलांना दसऱ्यापासून सर्वांच्या शाळेत, सर्वांबरोबर बसवायचे होते. वेगळी शाळा काढणे ही पहिली पायरी, ती बंद करणे ही दुसरी. पहिलीवरच बसून राहिलेले सुधारक आपण पुष्कळ पाहिले आहेत.

त्याच वर्षीचे आणखी दोन हुकूम मला शहराच्या कोणत्याही कमानीपेक्षा भव्य वाटतात. एका हुकमाने सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा आणि सरकारी इमारती अशा ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली आणि गावात ती पाळली गेली तर पाटील-तलाठ्याला जबाबदार धरले. दुसरा हुकूम अधिकाऱ्यांसाठी होता. नोकरीत आलेल्या अस्पृश्याला प्रेमाने आणि समतेने वागवायचे. ज्या अधिकाऱ्याला हे पटत नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. धर्मशास्त्रातले श्लोक पाठ असणाऱ्यांनाही पेन्शनचा अर्थ चटकन कळतो! पापपुण्याची भाषा बोलणाऱ्या समाजाशी या राजाने पगाराच्या भाषेत बोलणे सुरू केले, आणि ती भाषा लागू पडली.

या साऱ्यात मला सर्वांत मूलगामी वाटतो तो वतनाचा प्रश्न. तो नीट समजावून सांगणे भाग आहे, कारण आजच्या तरुण वाचकाला ‘वतन’ हा शब्द सन्मानाचा वाटण्याचा संभव आहे. महारकी हे वतन होते, पण ते वतन म्हणजे पायातली बेडी होती. गावच्या महारांना थोडीशी इनाम जमीन आणि खळ्यावरचे बलुते मिळायचे. त्याच्या बदल्यात सरकारी वसूल तालुक्याला पोहोचवायचा, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे, गावच्या शिवेची राखण करायची, मयताची खबर परगावी न्यायची, मेलेले ढोर ओढायचे. कामाला वेळ नाही, मोजमाप नाही, नाही म्हणायची सोय नाही. जमीन साऱ्या भावकीची सामाईक. पिढी वाढेल तसा वाट्याला येणारा तुकडा लहान होत गेला. पण तुकडा केवढाही लहान होवो, बांधिलकी मात्र साऱ्या भावकीच्या गळ्यात पुरीच्या पुरी. चतकोर भाकरी आणि बावन्न हक्कांचा पोकळ अभिमान यांच्यावर माणसाची पिढ्यान्‌पिढ्या गुलामी विकत घेण्याची ही युक्ती होती. माझ्या घरातली म्हातारी माणसे ‘आपली महारकी’ म्हणत तेव्हा त्यांच्या आवाजात अभिमानही असे आणि थकवाही असे. त्या दोहोंचे नाते मला पुष्कळ उशिरा, वतनाचे कायदे वाचताना उमगले.

१९१८ साली शाहूंनी आपल्या संस्थानात महार वतने मोडली. जमिनी रयताव्याने, म्हणजे सारा भरून स्वतःच्या मालकीच्या म्हणून महारांच्या नावे केल्या आणि सेवेचे ओझे उतरवले. त्याच सुमारास कुलकर्णी वतने बरखास्त होऊन पगारी तलाठी आले, आणि त्या तलाठ्यांत अस्पृश्यही नेमले गेले. महार, मांग, रामोशी, बेरड यांना गुन्हेगार समजून रोज चावडीवर जी हजेरी द्यावी लागे ती बंद झाली. पुढे वेठबिगारीवर बंदी आली. जरा कल्पना करावी. काल ज्या कुलकर्ण्याच्या वहीत आपले नाव ‘हजर’ म्हणून लागत होते, त्याच्या जागी आज आपल्याच वाड्यातला एक पोरगा तलाठी म्हणून दफ्तर उघडून बसला आहे. क्रांती हा शब्द मी सहसा जपून वापरतो, इथे वापरतो.

या निर्णयाचे मोल आजूबाजूच्या मुलखाशी तुलना केल्यावर अधिक कळते. मुंबई इलाख्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. ते पार पडू शकले नाही. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते. म्हणजे एका लहानशा संस्थानाने जे १९१८ साली केले ते करायला उरलेल्या महाराष्ट्राला आणखी ४० वर्षे लागली.

हुकूम कागदावर असतो आणि माणूस रस्त्यावर. रस्त्यावर काय घडत होते ते गंगाराम कांबळे यांच्या गोष्टीत दिसते. गंगाराम राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. मराठ्यांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना तिथल्या मराठा नोकरांनी जबर मारहाण केली. हा मार ब्राह्मणांनी दिलेला नव्हता, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. ज्यांच्या क्षत्रियत्वासाठी वेदोक्ताची लढाई झाली त्यांच्यातल्याच काहींनी दिलेला तो मार होता. शाहूंनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच. पण गंगारामना परत त्याच पागेत उभे न करता स्वतःचा धंदा काढण्यास पैसे दिले. गंगारामनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? कोणी फिरकेना. तेव्हा शाहू आपली गाडी हॉटेलासमोर थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या अधिकाऱ्यांनाही तो प्यावा लागे.

ही गोष्ट पुष्कळदा राजाच्या दिलदारपणाची म्हणून सांगितली जाते. मला ती वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटते. अस्पृश्यता धर्मात असते तितकीच ती बाजारात असते. कोणाच्या हातचे काय विकले जाईल आणि काय विकले जाणार नाही, हे जात ठरवते. अस्पृश्याच्या हातचे कमावलेले कातडे चालते, त्याने शिवलेली मोट विहिरीत सोडलेली चालते, त्याच मोटेने आलेले पाणी पिकाला चालते. पण त्याच्या हातची कपबशी चालत नाही. भाऊसिंगजी रोडवरचा तो चहा या ढोंगावर बसलेला घाव होता. आणि राजा रोज थांबला तरी रस्त्यावर उभे राहून धंदा चालवण्याची हिंमत गंगारामांची होती, हेही विसरू नये. गिऱ्हाईक राजा असेल. पण दुकान गंगारामांचे होते.

१९१९ साली शाहू मुंबईला परळच्या चाळीत जाऊन डॉ. आंबेडकरांना भेटले. ही भेट घडवून आणण्यात कोल्हापूरचे दत्तोबा पवार यांचा वाटा होता. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, त्यासाठी शाहूंनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली, अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. शाहू तिथे गेले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितले की, तुम्हाला तुमच्यातला पुढारी मिळाला आहे. या वाक्याच्या आशयाचा नीट विचार केला पाहिजे. राजा आपल्या प्रजेला म्हणतो आहे की, यापुढे तुम्ही माझ्याकडे पाहू नका, याच्याकडे पाहा. उद्धारक म्हणून स्वतःच उभे राहण्याचा मोह महात्म्यांनाही सुटत नाही. तो मोह एका छत्रपतीने माणगावात सोडला.

६ मे १९२२ रोजी शाहू मुंबईत वारले. वय ४८ पुरे झाले नव्हते.

आता मर्यादांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. स्तुतिस्तोत्र गाणे हे आपले काम नव्हे. पहिली मर्यादा अशी की, हे सारे राजाज्ञेने झाले. वरून आलेला हुकूम वरच्या माणसाबरोबर दुबळा होतो. दुसरी मर्यादा ५० टक्क्यांच्या व्याख्येत आहे. मागासलेल्या वर्गांचा एकच मोठा गट केल्यावर त्यातले जे आधी शिकले, ज्यांच्याजवळ जमीन होती, त्यांना त्याचा लाभ आधी आणि अधिक मिळाला. तळाचा माणूस तळाशी पुष्कळ काळ राहिला. तिसरी मर्यादा ब्राह्मणेतर चळवळीच्या पोटातच होती. ब्राह्मणाशी समता मागणारा प्रत्येक जण महाराला समता द्यायला तयार नव्हता. गंगारामांच्या पाठीवरचे वळ याची साक्ष देतात. शाहू आपल्याच समाजापुढे किती पावले चालत होते आणि त्यामुळे किती एकटे होते, हे या तिसऱ्या मर्यादेतून कळते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि पुढच्याच वर्षी अमलात आलेल्या भारतीय संविधानाने राखीव जागा व अस्पृश्यतानिवारण या गोष्टी राजाच्या मर्जीतून काढून नागरिकाच्या हक्कात आणल्या. हा फरक लहान नाही. राजाचा हुकूम ही कृपा असू शकते. संविधानाचे कलम ही कोणाची कृपा नसते.

मग या शहरातल्या आपल्या खुणा कोणत्या? मी तीन सांगतो.

पहिली नर्सरी बागेतली. शाहूंच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, १९२५ साली, त्यांचे पहिले स्मारक तिथे उभे राहिले ते अस्पृश्य समाजाने पुढाकार घेऊन, गंगाराम कांबळे यांच्या प्रयत्नाने. ज्यांच्याजवळ सर्वांत कमी होते त्यांनी सर्वांत आधी दिले. शाहूंचे समाधिस्थळ याच बागेत व्हायला मात्र २०२० साल यावे लागले.

दुसरी बिंदू चौकात. ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने तिथे महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसवण्यात आले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. गुरू आणि शिष्य एकाच चौथऱ्याच्या परिसरात पाहायला मिळतात, आणि पुतळ्यांचा अर्थ सांगायला तिथे कोणा मार्गदर्शकाची गरज पडत नाही.

तिसरी खूण जगभर हिंडते. ती म्हणजे कोल्हापुरी चप्पल. बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कातडे कमावणारा ढोर, ते कापून-ठोकून कातड्याच्याच वादीने शिवणारा चांभार, आणि वेणी विणणाऱ्या त्यांच्या घरच्या बाया. चपलेचे कान, अंगठा, वेणी, गोंडा ही सारी भाषा त्यांची. या कामाला स्पर्श करणारा अस्पृश्य ठरला आणि ते पायात घालणारा रुबाबदार ठरला. २०१९ साली या चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या, आणि मूळ कोठले ते सांगितले नाही. ओरड झाल्यावर मान्य केले. तेव्हा ‘आमचा वारसा चोरला’ म्हणून सारा महाराष्ट्र संतापला. संताप योग्यच होता. पण त्या ‘आमचा’मध्ये कातडे कमावणारे हात किती जणांनी मोजले? २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्याने कच्च्या कातड्याची जी ओढ लागली, त्या वेळी वारशाचा हा अभिमान कुठे होता? वस्तू आमची, आणि ती करणारा मात्र आमचा नव्हे, ही वारसा सांगण्याची जुनीच रीत आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. शाहूंनी १९१५ साली बांधवलेले ते पॅलेस थिएटर. शहर रडले, ते पुन्हा उभे करण्याचे ताबडतोब ठरले. हे चांगले झाले. मला फक्त एवढेच विचारायचे आहे की, दगड-लाकडाच्या वास्तूला आग लागली की आपल्याला धूर दिसतो. पण १९०२ च्या हुकमाला, १९१७ च्या मोफत शिक्षणाला, १९१९ च्या एकत्र शाळेला आग लागते तेव्हा तो धूर आपल्याला दिसतो काय? राखीव जागा भरल्याच जात नाहीत तेव्हा दर तिमाहीचा तक्ता मागणारा कोणी आहे काय? खेड्यातल्या पोराला वसतिगृहाची जागा मिळत नाही म्हणून तो परत फिरतो, तेव्हा एक वास्तू कोसळलेली असते. तिची बातमी होत नाही.

वारसा म्हणजे जपून ठेवायची वस्तू, असे राजवाडे शिकवतात. आपल्याला तो अर्थ पुरेसा नाही. जो हुकूम आजही अमलात आणता येतो, आणि अमलात आणला नाही तर ज्याचा जाब मागता येतो, तो आपला वारसा. कोल्हापूर पाहायला जाणाऱ्यांनी राजवाडा पाहावा, रंकाळ्यावर बसावे, रस्साही प्यावा. पण शहराच्या पुरालेखागारातल्या गॅझेटाच्या त्या जुन्या पिवळ्या पानांवरून एकदा हात फिरवावा. करवीरचा राजा तिथे भेटतो, आणि त्याच्याशेजारी, चहाची किटली घेऊन, गंगाराम कांबळेही.